प्रितमची कंपनी

भिवाने मुलाच्या हातातलं लाटणं इतक्या घाईने काढून घेतलं की पोळपाटावरची अर्धी लाटलेली पोळी त्याच्याबरोबर उचलली गेली आणि ओट्याच्या कडेला लोंबकळत राहिली.

"सर बाजूला. हात धू आन् भायेर जाऊन बस."

"काय झालं बाबा?"

"अर्जुनराव येतोय वर. जिन्यात आवाज आला त्याचा."

"येऊ देत की. त्यांच्यापण दोन पोळ्या टाकतो."

"तू आधी हात धू!"

पस्तिशीच्या मुलाला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत आणायचं, खुर्चीत बसवायचं आणि त्याच्या हातात पेपर द्यायचा, हे सगळं अडुसष्ट वर्षांच्या भिवाने मिनिटभरात उरकलं. गॅस मात्र चालूच राहिला. प्रितमच्या कानाच्या पाळीला पीठ लागलेलं होतं, तेही भिवाला दिसलं, पण तोवर दारात चपला वाजल्या.

"जय भीम, भिवा!"

"रामराम, अर्जुनराव!"

गेली चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. पिंपरीच्या कंपनीत दोघांचे लेथ शेजारी शेजारी होते. एकमेकांचा नमस्कार एकमेकांना घालायचा ही तेव्हाची थट्टा, पुढे तिची सवय झाली, आणि आता दुसऱ्या कुणी अर्जुनरावला रामराम घातला तर भिवालाच चुकल्यासारखं वाटायचं.

"काय साहेब, कधी उतरला विमानातून?" अर्जुनरावने प्रितमच्या पाठीवर थाप मारली.

"आठवडा झाला, काका."

"गाडीबिडी देते म्हणं तुमची कंपनी. थायलंडात लई मोठ्या गाड्या असतील."

प्रितमने बापाकडे बघितलं. बाप पंख्याकडे बघत होता.

अर्जुनरावला बसायलाही वेळ नव्हता. चहा नको, पाणी नको. मुलाच्या, अजिंक्यच्या, कामासाठी तो आला होता. अजिंक्य चाकणला गिअरचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. सात महिने काम झालं की कॉन्ट्रॅक्टर त्याला घरी बसवायचा, म्हणजे पर्मनंट करायचा प्रश्नच येत नाही, आणि महिनाभराने नवा माणूस म्हणून पुन्हा आत घ्यायचा. त्याला तिथे ब्रेक म्हणत. अजिंक्यचा हा तिसरा ब्रेक.

"सोमवारी परत बोलीवलंय," अर्जुनराव म्हणाला. "मी त्याला सांगितलं, जाऊ नकोस. किती दिवस त्या गेटावर आधार कार्ड घेऊन हुबा ऱ्हाणार? प्रितमदादा येतोय, तिकडं त्याच्याच हाताखाली लाग. पोरगं कामाला वाघ हाय रे, तू एकदा आत घालून तर बघ."

प्रितमने तोंड उघडलं.

"बघू की," भिवा मध्येच बोलला. "आत्ता तर आलाय पोरगा. बघू."

"बास. तू बघू म्हणलास, झालं माझं काम." अर्जुनराव हसत हसत जिना उतरला. त्याच्या पायांचा आवाज खालच्या मजल्यावर विरून गेला. आत तव्यावरची पोळी करपायला लागली होती.

प्रितमने पेपरची घडी घातली.

"बाबा," तो म्हणाला, "मी कुठल्या कंपनीत आहे?"

भिवाने खाकरून घेतलं. "मोटारीच्या."

"काय करतो तिथे?"

"सुपरवायझर हायस."

"आणि गाडी?"

"गाडी मी न्हाई म्हटलो. ती अर्जुननं लावली."

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी सूनबाईंना, मिनलला, थायलंडमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. बँकॉकपासून बसने सात तासांवरचं गाव. प्रितम चाकणला क्वालिटीत होता, बरा पगार होता. तो राजीनामा देऊन दोन वर्षांच्या मुलीला, आमूला, कडेवर घेऊन बायकोबरोबर गेला. तिकडच्या कायद्याने शिक्षिकेच्या नवऱ्याला राहता येत होतं, काम करता येत नव्हतं. संत तुकाराम नगरात बातमी फुटायला वेळ लागत नाही. बागेत लोक विचारू लागले, पोरगा काय करतो तिकडे? भिवा आधी म्हणाला, बघतोय काम. मग म्हणाला, लागेल. मग एका संध्याकाळी बाकड्यावर चौघंजण त्याच्या तोंडाकडे बघत असताना तो म्हणाला, लागला. त्यानंतर प्रितमला त्या कंपनीत बढती मिळत गेली आणि भिवाला एकदाही फार कष्ट पडले नाहीत.

"मला पोळ्या करायची लाज वाटत नाही बाबा," प्रितम म्हणाला. "तुम्हाला वाटते, ते मला कळतं. पण अजिंक्य सोमवारी गेला नाही तर जागा जाईल त्याची. घरात लहान मूल आहे त्याच्या. गेटवर अशा जागेसाठी पन्नास पोरं उभी असतात, मी रोज बघायचो."

"मग तूच सांग त्याला. तिकडं भरती बंद हाय म्हण."

"म्हणजे अजून एक खोटं. ते मी नाही बोलणार. तुम्ही सांगा, सोमवारच्या आत."

एवढं बोलून तो आत गेला आणि करपलेली पोळी काढून त्याने नवी लाटायला घेतली. तो चिडला असता तर भिवाला बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी भिवा बाहेरच्या खोलीत बायकोने दिलेला चहा पीत बसला होता. शाळेला सुट्टी असली तरी मिनलला सुट्टी नव्हती. सुट्टीचे दोन महिने शाळा पगार देत नसे, म्हणून ती तिकडच्या मुलांची शिकवणी इथून लॅपटॉपवर घ्यायची. रोज साडेसातला आतल्या खोलीचं दार लोटलं जायचं आणि दहापर्यंत तिचा आवाज यायचा. भिवा त्या वेळी एरवी बागेत असायचा. आज बागेत अर्जुनराव भेटला असता, म्हणून तो घरीच होता.

साडेसातला पाच मिनिटं कमी असताना मिनल केस पुसत आली. प्रितम दारातच उभा होता.

"आमू रात्री दोनदा खोकली, ताप नाही," तो म्हणाला. "दूध अर्धाच कप प्यायली. वायफाय सातपासून अडकतंय, मोबाइलचं नेट लावून ठेवलंय. पाणी डाव्या हाताला आहे. भेंड्या मागितल्या होत्यास, त्या टेबलावर."

"बरं. आज अकरा जण आहेत. एक नवीन आहे, बोलत नाही म्हणे. आमूला साडेनऊनंतर खाली ने, तेव्हा गाणी असतात, ती मध्ये येते."

"नेतो."

ती आत गेली. भिवाचा कप हातातच राहिला. हा तर चार्ज होता. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा असे दोघं मशीनपाशी पाच मिनिटं उभे राहतात. कुठलं टूल बोथट झालंय, कुठला जॉब मापाबाहेर जातोय, तेल कधी घातलंय, सगळं तोंडी सांगायचं आणि मगच हात पुसायचे. चार्ज न देता जो गेटकडे पळायचा त्याला भिवा कामगारात मोजत नसे. अडतीस वर्षं त्याने रोज चार्ज दिला आणि घेतला. घरात मात्र त्याने कधी कुणाला असं काही सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. घर आपोआप चालतं अशीच त्याची समजूत होती.

दार पूर्ण लागलं नव्हतं. फटीतून लॅपटॉप दिसत होता, त्यात चौकटी चौकटीत अकरा लहान तोंडं, आणि त्यांच्यासमोर मिनल. ही मुलगी घरात किती हळू बोलते! इथे तिने भेंडी नाकाला लावली, कानामागे खोचली, भेंडीचा फोन करून त्यात हॅलो म्हणाली, आणि अकराच्या अकरा चौकटी हसून हलायला लागल्या. मग तिने एकेकाला विचारायला सुरुवात केली. पोरं ओरडून उत्तरं देत होती. खालच्या कोपऱ्यातला एक गोल चेहऱ्याचा मुलगा तेवढा गप्प होता.

मिनलने त्याला विचारलं. तो गप्प. बाकीची पोरं त्याच्या वतीने ओरडू लागली. तिने ओठांवर बोट ठेवलं, सगळ्यांना थांबवलं, आणि ती वाट बघायला लागली. भिवाला वाटलं आता ती पुढच्याकडे जाईल. ती गेली नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही, गोडगोड हसून आर्जवंही केली नाहीत. भेंडी हातात धरून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. दिवसभर दुसरं काही कामच नाही इतकी ती निवांत होती. घड्याळाचा काटा सरकत होता. दहा मुलं श्वास रोखून बसली होती, आणि इकडे दाराच्या फटीशी एक म्हातारा.

शेवटी त्या पोराचे ओठ हलले. "ग्रीन," तो म्हणाला.

मिनलने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने मान हलवली, येस, आणि ती पुढच्या मुलाकडे वळली. त्यानंतर तो गोल चेहरा दहा वाजेपर्यंत बोलायचा थांबला नाही.

भिवाला इंग्रजी कळत नव्हतं, पण काम कळत होतं. हात बसलेला माणूस कधी रेटत नाही, थांबतो. लोखंड तापलंय की निवलंय ते त्याला न शिवता समजतं. असे कारागीर त्याने उभ्या आयुष्यात तीन-चार बघितले होते आणि त्यांच्या मशीनमागून जाताना तो आपोआप हळू चालायचा. त्यातली एक आपल्या घरात जेवते, आपल्याला बाबा म्हणते, हे त्याला आज कळत होतं. त्याची आई दुसऱ्यांची अंगणं झाडायची. तिच्या नातसुनेने एक भेंडी हातात धरून परक्या देशातल्या मुक्या पोराला बोलतं केलं होतं, आणि त्याच आवाजावर तिकडे तीन माणसं जेवत होती.

दहाला मिनल बाहेर आली तेव्हा तिच्या घशातून आवाज निघत नव्हता. प्रितमने न विचारता कोमट मिठाचं पाणी पुढे केलं. तिने गुळण्या केल्या. कुणीच काही विशेष घडल्यासारखं वागलं नाही.

दुपारी ती शेंगा सोलायला बसली तशी भिवा तिच्यासमोर येऊन बसला आणि त्यानेही चार शेंगा उचलल्या. तिने आश्चर्याने बघितलं.

"पोरी," तो म्हणाला, "एकीच्या पगारात तिघांचं भागतं कसं गं? खरं सांग."

"भागतं बाबा." तिचा घसा अजून बसलेला होता. "गोऱ्या शिक्षकांना आमच्या दुप्पट मिळतो आणि तास आम्हाला जास्त. पहिल्या वर्षी मी दोनदा बॅग भरली होती. एकटी असते तर आले असते परत."

"मग?"

"पगार मी आणते. पुरवतो प्रितम. तो बाजार उठायच्या वेळेला जातो, तेव्हा भाजी निम्म्याने मिळते. आमूचे कपडे शिवतो, आमचे केस कापतो. टबमध्ये मेथी लावलीय. मी घरी आल्यावर एक तास मला कुणी काही विचारायचं नाही, हा नियम त्याने केलाय, घशासाठी." ती हसली. "आणि तुम्हाला माहितीये, थाईत सगळ्यात पहिलं वाक्य तो कुठलं शिकला? माझी बायको शिक्षिका आहे, मी घर सांभाळतो. कुणी विचारलं की लगेच."

"सगळ्यांना सांगायचा?"

"जो विचारेल त्याला. घरमालकिणीला तर दोनदा सांगितलं. तिला वाटलं उच्चार चुकला."

भिवाने पुढच्या दोन शेंगा सोलल्या. मग तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

प्रितम सहा वर्षांचा होता तेव्हा भिवाच्या कंपनीला टाळं लागलं होतं. तीन वर्षं. पहिला महिना सगळे गेटवर घोषणा देत बसले, मग एकेकजण पांगला. भिवाची बायको चतुराबाई महापालिकेच्या दवाखान्यात आया होती. ती आपली पाळी करायची आणि दुसरीची सुट्टी असली की तिचीही करायची. भिवा रोज सकाळी सातला निळा ड्रेस चढवून, डबा घेऊन घरातून निघायचा. भोसरीला एका वर्कशॉपमध्ये काम धरलंय असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे तो पिंपरी स्टेशनच्या शेवटच्या बाकड्यावर जाऊन बसायचा, दुपारी डबा खायचा आणि पाचला परत यायचा. चतुराबाई रोज डबा भरून द्यायची. महिन्याच्या सात तारखेला भोसरीचा पगार कधीच घरात आला नाही आणि तिने कधीच विचारलं नाही. पुढे कंपनी उघडली, भिवा परत लेथवर उभा राहिला, आणि मग ती तीन वर्षं आपण भोसरीत हाडं झिजवून कशी काढली हे त्याने इतक्यांदा सांगितलं की सांगताना त्याला त्या वर्कशॉपच्या मालकाचा चेहरासुद्धा दिसायचा.

पोरगा जे कुणीही विचारलं तरी सांगत होता, परक्या देशात, परक्या भाषेत, ते बापाला तीस वर्षांत बायकोलाही सांगता आलं नव्हतं. भिवाला मुलाचा हेवा वाटला, आणि हेव्यापेक्षा जास्त असं काहीतरी वाटलं. थोरामोठ्यांसमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं ते होतं.

रविवारी विहारातून वंदना करून आल्यावर त्याने कपडे बदलले नाहीत.

"चल जरा," तो चतुराबाईला म्हणाला. "अर्जुनकडं जाऊन येऊ."

"माझं काय काम तिथं?"

"हाय. चल."

ती दोन मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत जाऊन चांगलं लुगडं नेसून आली.

अर्जुनरावचं घर दोन इमारती सोडून होतं. घरात तिघं होते. अर्जुनराव दिवाणावर, अजिंक्य मॅच बघत जमिनीवर, आणि त्याची बायको अंजली पोराला भरवत स्वयंपाकघराच्या दारात. अर्जुनरावची बायको अंबुबाई गावाला गेली होती.

"जय भीम, जय भीम! वैनीबी आल्या! अंजली, च्या टाक."

भिवा रामराम म्हणायला विसरला. तो बसलासुद्धा नाही.

"अर्जुनराव, प्रितम कुठल्याच कंपनीत न्हाई."

"म्हंजे? सोडली?"

"धरलीच न्हाई कधी. मी खोटं बोललो तुला. तीन वर्षं."

अजिंक्यने टीव्ही बंद केला. अर्जुनराव हसायच्या तयारीत होता, तो तसाच राहिला.

"थट्टा करतो का भिवा?"

"न्हाई."

"आरं, पोराची जागा गेली असती उद्या! मी त्याला घरी बशीवला, तुझ्या बोलण्यावर!"

"म्हणून तर आलो."

अर्जुनरावच्या कपाळाची शीर फुगली होती. चाळीस वर्षांत तो भिवावर एकदाच चिडला होता आणि तेव्हा दोघं आठ महिने बोलले नव्हते. अजिंक्य उठला, मोबाइल घेऊन खिडकीशी गेला आणि त्याने कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. फोन लागत नव्हता. तो पुन्हा पुन्हा लावत राहिला.

"मग खात्यात काय तिकडं तिघं?" अर्जुनरावने विचारलं.

"सुनेच्या पगारावर. मास्तरीण हाय ती, इंग्रजीची."

"एकीच्या पगारावर? परदेशात?"

"व्हय. आन् उजळ माथ्यानं. प्रितम घर बघतो. सैपाक, पोरगी, सगळं. मी काल डोळ्यांनी बघितलं, अर्जुनराव. मला वाटायचं ह्यो पोरगा बसून खातो. तशी शिफ्ट तू न् मी जन्मात काढली न्हाई."

"पण शेवटी," अर्जुनराव खाली बघत म्हणाला, "बायकोच्याच जिवावर."

आत्ता भिवा गप्प बसला असता तरी चाललं असतं. अजिंक्यला वेळेत कळलं होतं, उरलेली लाज मुलाच्या नावावर टाकून घरी जाता आलं असतं.

"मीबी तेच खाल्लं," तो म्हणाला.

"काय?"

"टाळेबंदीत. मी भोसरीला एक दिवस गेलो न्हाई. कुठलं वर्कशॉप नव्हतं. पिंपरी स्टेशनात बाकड्यावर बसून ऱ्हायचो पाच वाजेस्तोवर. घर हिनं चालवलं. तिनी वर्सं."

त्याने चतुराबाईकडे बघितलं नाही, बघवलं नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिने ते सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आन् पेन्शनचं?" ती म्हणाली. "ते कोण सांगणार?"

"आत्ता घर चालतं ती पेन्शनबी हिचीच," भिवा म्हणाला. "आज सकाळचं दूधसुद्धा."

चतुराबाईने मान हलवली, हिशेब बरोबर आला म्हणून हलवतात तशी. मग तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. भिवा इतकी वर्षं त्या बाईच्या शेजारी झोपला, तिच्या हातचं जेवला, आणि तिच्यात हे एवढं मावलेलं असेल असं त्याच्या कधी मनात आलं नाही. ती समोर बसली होती आणि त्याला तिच्याकडे बघायची भीती वाटत होती.

अर्जुनराव बराच वेळ दिवाणाच्या चादरीवरून हात फिरवत होता.

"पिंपरी स्टेशनात बसायचास?"

"व्हय."

"मी आकुर्डीला," अर्जुनराव म्हणाला. "दोन ठेसनं पुढं. पिंपरीत वळखीचं कुणी भेटंल म्हणून."

"तू तर भाच्याच्या टेम्पोवर..."

"कुठला टेम्पो! अंबू चाकणच्या मार्केटात कांदे निवडायला जायची. तिच्या हाताला वास यायचा तर मी पोरास्नी सांगायचो, मामानं कांदे धाडल्यात."

खिडकीशी अजिंक्य वळून बापाकडे बघत होता. मोबाइल त्याच्या कानालाच होता. ही गोष्ट तोही पहिल्यांदाच ऐकत होता. कांदे त्याने खाल्ले होते, मामाचे म्हणून.

तेवढ्यात अंजलीने पोराचं तोंड पुसलं, त्याला कडेवर घेतलं आणि ती दारातून एक पाऊल पुढे आली. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, सासऱ्याच्या मित्रांसमोर ती चहाच्या कपापलीकडे कधी बोलली नव्हती.

"काका, मिनलवहिनी काय शिकल्यात?"

"बीए. आन् ते मास्तरकीचं."

"बीएड?"

"तेच. इंग्रजी घेऊन."

"मीपण," अंजली म्हणाली.

अर्जुनरावने सुनेकडे बघितलं. हे त्याला माहीत होतं. सोयरीक जुळवताना चिठ्ठीत लिहिलेलं होतं, आणि लग्नाआधी ती भोसरीच्या एका शाळेत वर्षभर शिकवत होती हेही माहीत होतं. मूल झालं तशी शाळा सुटली आणि त्यावर घरात कुणी कधी बोललं नाही.

"त्या घेतात का अजून?" ती भिवाला विचारत होती, पण बघत होती अजिंक्यकडे. "म्हणजे, तिकडे. शिक्षक."

"मला काय म्हाईत पोरी? घरीच हाय ती अजून तीन आठवडे. ये की, इचार." भिवा जरा थांबला. "दहाच्या पुढं ये. आन् एक तास तिला बोलू नको देऊस, घसा बसलेला असतो. तोवर प्रितमशी बोला. तुमी दोघंबी."

चतुराबाईने चमकून नवऱ्याकडे बघितलं.

अजिंक्यचा फोन अखेर लागला. पलीकडून कॉन्ट्रॅक्टरचा मोठा आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला. सात महिन्यांसाठी, सकाळी सहाला गेटवर, आधार कार्डाची झेरॉक्स, येणार आहेस का नाही ते आत्ता सांग. अजिंक्य हो म्हणेना. तो बायकोकडे बघत होता, तिच्या कडेवरच्या पोराकडे, पुन्हा तिच्याकडे, जसं काही ही बाई त्याला आजच कुणीतरी दाखवली होती. अंजलीने नजर खाली घेतली नाही.

"येतो साहेब उद्या," अजिंक्य म्हणाला. "पण किती दिवस, ते मला आत्ता सांगता यायचं नाही."